तीर्थरूप की चिरंजीव?

नोव्हाय, मिशिगन
२ सप्टेंबर २०२४

ती. पद्मिनीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मायना जमलाय ना? गेल्या खेपेला माझंच पत्र लाल खुणा करून परत पाठवलंस, तेव्हापासून प्रत्येक वेलांटी दोनदा तपासते. निमिषदादाकडे राहायला आलीस तरी तुझी शाळा काही सुटली नाही! आम्ही मजेत. रवी कामात बुडालाय आणि इशिता पोहण्यात. ती सुदैवाने बुडत नाही.

आज लिहितेय ते एका अडचणीपायी. शेजारच्या लोइसआजी आठवतात ना, तुझ्या पुरणपोळीवर मेपल सिरप ओतणाऱ्या? त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात बाँबर विमानावर मशीनगन चालवणारे गनर होते. १९४४ साली न्यू गिनीच्या डोंगरांवरून जाताना ते विमान दहा जणांसह नाहीसं झालं. वडील एकवीस वर्षांचे, आणि लोइसआजी तेव्हा आईच्या पोटात. आई जन्मभर पोस्टमनची वाट बघत राहिली. आता जंगलात विमानाचे तुकडे सापडले, हाडं सापडली, आणि आजींच्या गालातून घेतलेल्या डीएनए नमुन्यावरून त्यांतली काही वडिलांचीच असल्याचं ठरलं. लष्कराचे अधिकारी घरी येऊन सांगून गेले. ऑक्टोबरमध्ये इथल्याच दफनभूमीत अंत्यविधी आहे.

आजींना शवपेटीत वडिलांसाठी पत्र ठेवायचंय, पण कागद अजून कोराच आहे. ‘डिअर डॅड’ लिहिलं की पेन अडतं, म्हणाल्या. ती हाक त्यांनी आयुष्यात कधी कुणाला मारलीच नाही. शिवाय फोटोतला तो मुलगा त्यांच्या नातवापेक्षा लहान दिसतो. पत्र जमलं नाही तर बाप दुसऱ्यांदा निरोपावाचून जाईल, असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मलाही राहवलं नाही.

मग मी त्यांना आपली पद्धत सांगितली. मोठ्यांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, मग माझे वडील यांतले कोण? आता तूच सांग बाई, ती. की चि.? की सरळ कै.?

लोभ आहेच, तो वाढव. साखर तेवढी वाढवू नकोस.

तुझी,
शुभा


कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. शुभास,
अनेक आशीर्वाद.

मायन्याला दहापैकी नऊ. एक गुण साखरेवरच्या आगाऊपणाबद्दल कापला. इथे सूनबाई रुचा माझ्या चहातली साखर मोजते ती काय कमी आहे!

लोइसबाईंना सांग, मायना वयावर नसतो, नात्यावर असतो. आमचा धाकटा काका माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचा शेंबूड मी पुसलाय, तरी पत्रात तो तीर्थरूपच. बाप एकविशीतच राहिला म्हणून काही लेकीचा लेक होत नाही. आणि कै. तर मुळीच नको. ज्याला पत्र लिहायचं, तो पत्रापुरता तरी समोर असतो. तेव्हा ती. लिहावं आणि मोकळं व्हावं.

आणि हो, शेवटी आपण घरातल्या थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद लिहितो, ते राहू नये. बाकीचे नऊजण त्या विमानात एका घरातलेच होते की. तुझं पत्र वाचून मीही रडले. निमिषला कांदा चिरतेय म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, हॉलमध्ये?

इशिताचे केस नीट कोरडे करत जा. तिला गोड पापा.

तुझी,
मावशी


नोव्हाय
१४ ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काल सगळं छान पार पडलं. मेपलची पानं अगदी लाल झाली होती. सैनिकांनी झेंडा घडी करून लोइसआजींच्या हातात दिला, तेव्हा त्या ताठ बसून होत्या. घरी आल्यावर दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. हो, सिरप ओतूनच.

पत्र त्यांनी आधी मला वाचून दाखवलं होतं. ‘ती.’ इशिताकडून शिकून स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं. वेलांटी पहिली काढलीय. तुझं लाल पेन आठवलं, पण मी ती तशीच राहू दिली. पुढे इंग्रजीत सगळी घरची खबरबात. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली, तुमच्या नातवाला टक्कल पडलंय, यंदा सफरचंदं भरपूर आली. एकदा पेन सुटलं ते थांबेचना.

शेवटी थोरांस नमस्कार लिहायला घेतलं आणि थबकल्या. विमानात सगळ्यांत मोठा पायलट, तोही सव्वीस वर्षांचा. ऐंशीच्या आजींपेक्षा थोर तिथे कुणीच नव्हतं. मग ती ओळ खोडून त्यांनी नऊही जणांची नावं घातली आणि सगळ्यांना आशीर्वाद लिहिले. मग वडिलांनाही.

पत्रोत्तराची वाट पाहते, असंही आपण लिहितो, हे मी बोलून गेले आणि जीभ चावली. आईने पुष्कळ वाट पाहिली, आजी म्हणाल्या. मग हसून त्यांनी शेवटची ओळ लिहिली, उत्तराची घाई नाही.

तू मात्र उलटटपाली लिही.

तुझी,
शुभा