कापसात ठेवलेली अंडी

आषाढ शु. ५, शके १७८६. अमरावती

दुकान नावापुरतं उघडं. काळ्या मातीत चाक रुतून बसतं, गाड्या बंद, कापूस आणणार कोण? तरी शेठ गादीवर लोळत भाव सांगतो आणि दलाल माना डोलावतात. अमेरिकेतल्या लढाईनं विलायतेत कापूस मिळेना झाल्यापासून या गावाला शिंगं फुटलीत. शेठनं दिवाणखान्यात टांगायला मुंबईहून काचेच्या हंड्या मागवल्या. एकीची कडी वाटेत तुटली. "मुनीमजी, हे तुमी न्या. घरी दिवा लावा." घागरीएवढी हंडी. दिवा लावून बघणार कोण? आणून ओट्यावर ठेवली.

आषाढ शु. ८

मेहुणा आला अकोल्याहून, घोड्यावर, कमरेपर्यंत चिखल. माझी पोरगी, कापशी, बरी आहे म्हणाला. माझं नाव काढते का विचारलं. "लहान हाये. इसरते."

जेवण झाल्यावर खरं काम काढलं. सासूबाईंचा निरोप आहे. दसऱ्यापर्यंत काय ते ठरवा. घरात बाई आणा आणि पोरगी न्या. नाहीतर ती कायमची अकोल्याची, लग्नही तेच लावून देणार. "एकट्या बापानं पोर पोसली, असं कुठी आयकलं काय तुमी?"

दुसरं लग्न करणार नाही, ते बायको गेली तेव्हाच ठरलं. पण पोरगी हवी आहे. दोन्ही एकदम कसं...

आषाढ शु. ९

मेहुणा गेला. दिवसभर कुणाशी बोललो नाही. बोलावं असं कुणी नव्हतंही.

आषाढ शु. १३

शेजारच्या गंगाबाईनं मळ्यात हाक मारून नेलं. माळीणच ती, आमच्याच जातीची. नवरा वारल्यापासून वांगी-मेथी एकटी काढते. पाटाच्या काठाला गवताच्या मुळांत वाटीएवढा खळगा, त्यात राळ्यासारखी पिवळी अंडी चिकटलेली. वर एक मागूर पडून. अंजनगावला आमच्या पानमळ्यात हे मिशाळ मासे पाटात असायचे. मिशी धरायला हात घालायचा आणि काटा बसला की बोंबलायचं.

गंगाबाई म्हणाली, "कालवण करा न. काय पाहून राहिले?"

मासा अंडी खाऊन टाकेल म्हणून काडीनं हुसकला. जात नव्हता. शेवटी पाट ओलांडून पलीकडे टाकून दिला. अंडी मुळांसकट मडक्यात घेऊन घरी. हंडी कामाला आली.

मनात एक आलं. लिहायला लाज वाटते. ही जगली तर कापशीला आणायचं. मुद्दाम घातलेली अट नाही, आपोआप आलं मनात.

आषाढ शु. १४

कापशी सातव्या महिन्यातच झाली. आई बाळंतपणात गेली. पोर मुठीत मावेल एवढी. सुईण म्हणाली, कापसात ठेवा. सुपात कापूस, कापसात पोर, बाजूला शेगडी. जगली! म्हणून कापशी. खरं नाव दुसरंच आहे, ते कुणी घेत नाही.

तर मग अंड्यांनाही कापूस. काच थंड, खाली मऊ काही नाही. दुकानातून मूठभर मागितला. हल्ली दारात सगळ्यांची झडती होते, तेव्हा मागूनच घेतलेला बरा. शेठ पोट धरून हसला. "एवढ्या भावाचा कापूस मासोळीले? घ्या, घ्या. सरकी काढलेला घ्या, टोचन तिले."

सरकी काढलेलाच घेतला. अंडी नीट मधोमध ठेवली. वाटलं, आपल्याला जमतं की हे.

आषाढ व. १

सकाळी पाणी दुधाळ. वास. अंड्यांना पांढरी लव, कापूस कुठला आणि अंडी कुठली कळेना. हातात घेतली तर फुटली.

अंगणात बसून रडलो. माशाच्या अंड्यांसाठी! कुणी पाहिलं नाही, तेवढं बरं. की वाईट, काय माहीत.

आषाढ व. २

घाण टाकायला पाटावर गेलो. तोच मासा रिकाम्या खळग्यावर आलेला. पोट टेकवून शेपटी हलवत होता, हळूहळू, जणू अंडी तिथंच आहेत.

गंगाबाईला दाखवला. "माय हाये ते. जाईन कुठी?"

मीच त्याला हाकललं होतं. घरी आलो तरी ती शेपटी डोळ्यांपुढून जाईना.

श्रावण शु. ६

पावसानं काम बंद, दुकानात सुतक असल्यासारखं. रोज पाटावर जातो. दलालांनी मला नवीन नाव ठेवलंय, मासेमुनीम. ठेवू द्या.

श्रावण शु. १२

आज सगळं पाहिलं, पहिल्यापासून. दुसरी जोडी. एकीचं पोट टम्म, दुसरा सडपातळ. खळगा सडपातळानंच कोरला. तिनं अंडी घातली आणि गेली, मागे वळून बघितलंही नाही. हा राहिला. बेडूक आला तर अंगावर धावून गेला.

गंगाबाईला हाक मारली. "अवो, हा बाप आहे!"

"बाप? बाप बसते काय असा?" हसली. मग कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "बसला हाये खरा."

तिनंच विळ्यानं ढेकूळ कापून दिलं, खळग्यासकट. मासा मी धरला. काटा बसलाच. बोट सुजलंय, अक्षर असं येतंय.

श्रावण शु. १३

हंडीत त्याला वळायला जेमतेम जागा. तरी जागा सोडत नाही. आत काही घातलं नाही. कापूस नाही, काही नाही. पाटाचं पाणी तेवढं बदलतो. काचेतून पाहिलं तर शेपटी चालूच.

श्रावण शु. १४

फुटली! दाण्याला शेपूट आलं. मोजता येत नाहीत इतकी. कुणाला सांगू म्हणून धावत दारात आलो, तर रस्ता रिकामा. गंगाबाई बाजारात गेलेली. परत आत येऊन त्यालाच सांगितलं, हंडीतल्याला.

श्रावण व. ३

शेठ स्वतः बघायला आला, दोन दलाल घेऊन. हंडीला नाक लावून म्हणाला, "याईचा भाव काय?" हसू आलं. किती दिवसांनी घरात माणसं होती. पान-सुपारी नाही माझ्याकडे, गूळपाणी दिलं. लवकर गेले.

भाद्रपद शु. १०

पुष्कळ मेली. उरली ती चपळ आहेत. रांजणातल्या डासांच्या अळ्या गाळून देतो, तुटून पडतात. मिशा फुटल्यात, केसाएवढ्या. बाप अजून आहे तिथंच. आता त्याला सोडून द्यायला हरकत नाही, पण मलाच सोडवत नाही.

भाद्रपद व. ११

वाट सुकली म्हणतात. अकोल्याची पहिली गाडी येत्या आठवड्यात. जायचं. काय बोलायचं ते रोज घोकतो. "सासूबाई, मी पोसतो तिला." एवढंच आहे, पण तोंडातून नीट निघत नाही.

गंगाबाईला सांगितलं. म्हणाली, "आना न पोरीले. वेणी-फणी म्या करून देईन. तुमी काय तिले कापसात ठेवसान पुन्हा?"

चांगलीच लागली. पण बरंही वाटलं.

आश्विन शु. ३. वाटेत

कापशीला दाखवायला काही पिल्लं मडक्यात घेतली, तोंडाला ओलं फडकं बांधून. बाप हंडीतच, गंगाबाईच्या ओट्यावर. गाडीवान विचारतो, "तूप हाये काय?" हो म्हटलं. मडकं मांडीवर. गाडी हिसका देते तसं पाणी धोतरावर येतं.

आश्विन शु. ६. अकोला

उंच झाली आहे. मला बघून आजीच्या लुगड्यामागे गेली. सासूबाई थकल्यात, पण आवाज तसाच. "आले काय? पाय धुवा." विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

आश्विन शु. ७. अकोला

सकाळी मडक्याचं फडकं सोडलं. आली हळूच. बोट पाण्यात घातलं. पिल्लं बोटाला लागली तशी हसली. आईसारखं हसते. मला ते सोसेना, दुसरीकडे पाहिलं.

मग विचारलं, "याईची माय कुठी हाये?"

म्हटलं, गेली ती. बाप आहे. अमरावतीला, हंडीत. त्यानंच वाढवली यांना.

तिनं बोट बाहेर काढलं. मग, "मंग याईले इकडं कावून आनलं? थो तिकडं एकटाच हाये न?"

मडकं जवळ ओढलं.

"नेऊन दे त्याच्यापाशी," म्हणाली. मला ‘तू’ म्हणाली, परक्यासारखं ‘तुमी’ नाही. पहिल्यांदाच तिनं मला काहीतरी करायला सांगितलं.

सासूबाई चुलीपाशी होत्या. भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

मी म्हणालो, नेतो उद्या. पण वाट वाईट आहे, गाडीत मडकं धरायला कुणीतरी लागेल. पोरीकडे बघून म्हणालो, पण चुलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"म्या धरीन," कापशी म्हणाली.

सासूबाईंनी नाही म्हटलं नाही. तव्यावरची भाकरी करपली, तरी उलटली नाही.