वाईटाची तालीम

४ मार्च
तारीख घातलीस का? मागच्या खेपेला विसरलीस आणि माझा एक अख्खा निश्चय वाया गेला. ही रोजनिशी माझी एकटीची. मला अक्षर येत नाही आणि लिहून घेणाऱ्या नातीला सकाळचं दुपारी आठवत नाही, त्यामुळे गुपित शाबूत.

शुक्रवारी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन. मी शांत आहे. तू कॉलेजात त्या जुन्या ग्रीक स्टोइक लोकांचं तत्त्वज्ञान शिकतेस ना, ते मला पटलं. हातात नाही त्याचा घोर करायचा नाही. वाईट ते आधीच मनात आणून बघायचं, म्हणजे आलं तर दचकायला होत नाही. सोपं आहे.

५ मार्च, सकाळ
सराव सुरू. हे नाहीतच असं धरून एकच कप चहा केला. ह्यांनी विचारलं, माझा कुठाय? म्हटलं, तुम्ही नाही आहात. म्हणाले, नसलो तरी साखर घाल.

दुपार
ह्यांची खुर्ची गॅलरीत नेली. रिकामी जागा डोळे भरून पाहिली. डोळे जरा जास्तच भरले. धूळ फार. खुर्ची परत आणली, ती फक्त फरशी पुसून झाली म्हणून. पुसली नव्हती, हे लिहायची गरज नाही.

६ मार्च
हे ॲडमिट. माझा सराव कडक. ह्यांचा तपकिरी स्वेटर वॉचमनला देऊन टाकला. मोह नको. संध्याकाळी गेटपाशी पाठमोरे हेच उभे! काढ म्हटलं स्वेटर. बिचारा म्हणाला, आजी, सकाळीच दिलात की. त्याला तुझ्या बाबाचं नवं जॅकेट दिलं. बाबा चिडलाय. त्याचा राग माझ्या हातात नाही. मी शांत.

७ मार्च
हॉस्पिटलात ढिम्म बसून होते. बाबा म्हणतो, सारख्या फेऱ्या मारत होतीस. नर्सला मी एकदाच विचारलं. तीच तेच उत्तर पुन्हा पुन्हा देत होती.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, सगळं छान झालं. मी भोकाड पसरलं, तोंडात स्वेटर कोंबून. डॉक्टर घाबरले. पुन्हा म्हणाले, आजोबा बरे आहेत हो. मग तर आणखीच.

वाईटाची तालीम पक्की होती. बरं झालं तर काय करायचं, ते तू शिकवलंच नाहीस.

९ मार्च
हॉस्पिटलातून फोनवर सांगतेय, घे लिहून. ह्यांनी डोळे उघडून विचारलं, मी आहे का आता? म्हटलं, आहात. स्वेटर नीट पांघरा.

मऊ खायला परवानगी मिळाली. उद्या डब्यात पातळ भात पाठव, मीठ बेताचं. माझ्यासाठी काही नको, भूकच नाही. बटाट्याची भाजी मात्र दोघांची घाल.