पास केलेलं फूल

भिवंडी,
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

चि. मारियास,
गोदूमावशीचे अनेक आशीर्वाद.

तू, जावईबापू आणि मुलं खुशाल असाल. इथे आम्ही दोघी शेजारणी ठीक. ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय आणि पाणी एक दिवसाआड येतंय. माझा गुडघा आहे तसाच आहे. माझा सागर पुण्याहून होळीला येतो म्हणालाय. येईल तेव्हा खरं.

मावशीने फोन सोडून कागद का धरला, असं तुला वाटेल. अगं, आमच्या दोन घरांमध्ये भिंत एक. मी इकडे खोकले तर तुझी आई तिकडून ‘आलं टाकून चहा घे’ म्हणून ओरडते. अशा घरात फोनवर कसली गुपितं बोलणार? गल्लीतला ओसामा उद्या तुमच्या शारजाला निघालाय, त्याच्याबरोबर तुझ्यासाठी सोडे आणि सुकट जाणार आहे. पुडकं तुझ्या आईनेच बांधलंय, पण त्याच्या घरी पोचवायला मी जाणार. वाटेत हे पत्र आत सरकवीन. वास येईल, नाक धरून वाच. माझ्या हट्टाने तू मराठी शाळेत गेलीस, त्याचा आज मला उपयोग.

तू आईच्या फोनवर पाठवलेला बोलका निरोप तिने नळावर मोठ्याने लावला, मी पाणी भरायला गेले होते तेव्हा ऐकला. आईने तुला भोक पडलेल्या फुलाचा फोटो पाठवला, म्हणजे तिला भोक दिसलं नाही, म्हणजे मोतीबिंदू वाढला, म्हणजे आता तिला शारजाला आणून ऑपरेशन करायचं आणि कायमचं तिथेच ठेवून घ्यायचं! पोरी, जरा दम खा. व्हिसाचे कागद पुढे सरकवू नकोस.

तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. काल मी नवी साडी नेसून दारात उभी राहिले, तर हिने आपल्या ओट्यावरून पदरातला तुटलेला धागा दाखवला. साडी कशी दिसते ते सांगितलं नाही, धागा तेवढा सांगितला. माझा सगळा दिवस खराब केला.

आता रविवारचं सांगते. तू तो नवा फोन पाठवलास, तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप झालाय. रोज सकाळी तुला फुलाचा फोटो गेला पाहिजे. गल्लीतली जास्वंद झाली, मशिदीमागची बोगनवेल झाली, माझी तुळससुद्धा झाली. मग ठाण्याच्या बाजूला झाडांची मोठी बाग आहे, बोटॅनिकल गार्डन, तिथे वसंतात म्हणे सगळं फुलतं, तिथे जायचं निघालं. कंटेनर रस्त्यावर यायच्या आत कशेळीचा पूल ओलांडायचा म्हणून मला अंधारात उठवलं. मी नुसता चहा पिऊन निघाले. आणि रिक्षात मला बसवलं मधे. एका बाजूने कोपर, दुसऱ्या बाजूने पिशवी, आणि राहनाळपासून पुढचा प्रत्येक खड्डा माझ्या कमरेत.

हो, मधे. म्हणजे पलीकडे कुणीतरी होतं. सांगते, एवढी घाई करू नकोस.

आधी बागेचं ऐक. अगं, काय फुललं होतं! पांगारा लालभडक, काटेसावरीखाली नुसता सडा. कुणीही माणूस शंभर फोटो काढून नाष्ट्याला मोकळा झाला असता. पण तुझी आई! आम्ही दोघींनी आयुष्यभर एका टेबलावर ताके तपासले. कापड समोरून सरकत जायचं, आणि गाठ, तेलाचा डाग, तुटका धागा दिसला की खडूची खूण करायची. मी ते काम सोडलं तेव्हा कारखान्यातच सोडलं. हिने घरी आणलं. तुला माहीत आहेच, लग्नाला आलेली मुलंसुद्धा हिने तशीच तपासली, जावईबापू पास झाले ते नशिबाने. बागेत तेच सुरू. फुलाजवळ जायची, चष्मा सारायची, वाकायची आणि, “गोदू, इसमें डाग हाय. रिजेक्ट.” पुढचं फूल. “पाकळी मुडली. रिजेक्ट.” मी म्हटलं, “बाई, देवाने केलेलं फूल आहे, त्याला तरी सोड.” तर म्हणते, “अल्लाने अच्छाच बनवलंय गं, कीड्याने खराब केलं.” मी उन्हात पिशवी धरून उभी. पोटात कावळे ओरडत होते, आणि उकडलेली अंडी पिशवीत होती ती हिने ‘सगळे मिळून खाऊ’ म्हणून बांधूनच ठेवलेली.

आणि जो तिसरा होता तो काय करत होता? तो हसत होता. “गोदूताई, नजर असावी तर अशी,” म्हणे. अजून चढवा तिला!

मोहिउद्दीनभाई. तू लहानपणी त्यांना पाहिलंयस. लूमचे धोटे आणि पार्ट विकायचे, तुझे अब्बा तुला खांद्यावर बसवून त्यांच्या दुकानात न्यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान बंद केलं, आता शेलारला एकटेच राहतात. माणूस सभ्य आहे, हळू बोलतो, चहा बशीत ओतून पितो. गेले काही महिने बाजारात ‘अचानक’ भेटतात. रविवारी आमच्या नाक्यावर रिक्षाही अचानकच थांबवून उभे होते. मी काय दूधखुळी आहे?

तर झालं असं. बागेच्या टोकाला कांचनाचं झाड आहे. जांभळी फुलं, फांद्या वर. ही टाचा उंचावून एकेक फूल नापास करत होती. त्यांनी एक फांदी खाली ओढून धरली आणि एक फूल पुढे केलं. पाकळीला चांगलं हरभऱ्याएवढं भोक. मला वाटलं, आता यांचं काही खरं नाही. तुझ्या आईने ते फूल बघितलं. भोक बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं. आणि फोटो काढला, आणि तिथेच उभ्या उभ्या तुला पाठवला.

मारिया, एवढ्या वर्षांत मी तिला भोक पडलेलं काही पास करताना पाहिलेलं नाही. माझ्या हातातली पिशवी सुटली. अंडी फुटली.

नंतर ती पाण्याच्या नळाकडे गेली तेव्हा भाई मला म्हणाले, “गोदूताई, ईद झाली की मी म्हसळ्याला जातोय, गावच्या घरी, कायमचा. खुर्शीदला सोबत न्यायची इच्छा आहे, निकाह करून, इज्जतीने. मी विचारलंय. ती हो म्हणत नाही, ना म्हणत नाही. तुम्ही बोला ना तिच्याशी.” मी वाकून चपलेतला खडा काढत बसले. चपलेत खडा नव्हता.

घरी आल्यावर बोलले. म्हटलं, “खुर्शीद, एकदा काय ते ठरव.” तर म्हणते, “मारियाने एकदा जरी तोंड वाकडं केलं, तर मी नाही.” म्हटलं, मग विचार ना मारियाला! तर कानाला हात लावते. “बेटीला आईने असलं विचारायचं? शरम हाय का नाही? आणि तू पण सांगायचं नाही, कसम हाय तुला.” म्हणजे तुझ्या होकाराशिवाय हलायचं नाही, आणि तुला कळूही द्यायचं नाही! कपाळ माझं! एक भिंतीपलीकडे तोंडात गुळणी धरून बसलीय, दुसरी शारजात मोतीबिंदू शोधतेय, आणि मधे मी. त्या रिक्षातल्यासारखी.

कसम मी मोडली. त्याचं मी बघून घेईन.

पण रविवारपासून आज गुरुवारपर्यंत पत्र का लिहिलं नाही, हे तू विचारशीलच. ओसामा उद्याच निघालाय म्हणून, असं आत्ता लिहिणार होते. खरं ते नाही. हे चार दिवस मी तुझ्या आईला म्हसळ्याची भीती घालत होते. तिथे पावसात साप निघतात, वीज जाते, डॉक्टर लांब, तुझं कोण आहे तिथे. ती ऐकून घेत होती. काल शेवटी म्हणाली, “गोदू, तिथे सगळं हाय गं. तूच नाय.”

मला रडू आलं. म्हणून मी तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर ओरडली, आणि मग तिने माझ्या पदरातला तो तुटका धागा दाखवला.

मारिया, तुझे अब्बा गेले तेव्हापासून तुझ्या आईने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. तुझी शाळा, तुझं लग्न, तुझी बाळंतपणं. आता ती मागत नाहीये, तरी तिला हवंय. रात्री भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू येतं फोनवर, दबकं, पोरीसारखं. मला झोप येत नाही त्याने. राग येतो. आणि बरंही वाटतं, काय करू?

तुला अब्बांच्या जागी दुसरं कुणी बघवणार नसेल तर मला लिही, आईला नको. मी समजून घेईन, तिला कळू देणार नाही. पण बघवणार असेल, तर शनिवारी फोन कर. डोळ्यांचं काही विचारू नकोस, भाईंचं नावही काढू नकोस. तिला एवढंच विचार, “अम्मी, ते भोकाचं फूल कसं काय पास केलंस?” ती आधी विषय बदलेल. मग खूप बडबडेल. बडबडून थांबली की तू म्हण, “मीपण पास केलं.” तिला कळेल. फोन ठेवून ती भिंतीवर थाप मारेल, तेव्हा मला कळेल.

मुलांना पापा. सोडे उन्हात एकदा दाखवून घे.

ईदनंतर भिंतीपलीकडे कुणाला हाक मारायची ते ज्या बाईला अजून कळलेलं नाही, तीच तुझी,
गोदूमावशी