गोळ्यांची नोकरकपात

४ फेब्रुवारी, सकाळ
हिच्या गोळ्या अकरा. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात इतक्या लागत नाहीत, चक्कर त्यामुळेही येत असेल. सगळी पाकिटं घेऊन या, एकेक करून कमी करू, तोवर आपल्या मनाने काही बंद करू नका. अपॉइंटमेंट अठ्ठावीसची. एवढ्याशा कामाला इतका वेळ. मी कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो, एवढे लोक घरी पाठवले, कोणाला हूं की चूं करू दिलं नाही.
संकल्प: अठ्ठावीसच्या आत अकराच्या सहा. बाईंनी तोंडात बोट घातलं पाहिजे.

५ फेब्रुवारी
कपातीचं तत्त्व कारखान्यातलंच. जो कटकट करतो, तो आधी. त्या हिशेबाने लघवीची गोळी पहिली. सकाळभर हिला बाथरूमच्या फेऱ्या मारायला लावते, कुठे बाहेर पडायची सोय नाही. बडतर्फ.
झोपेची गोळी मात्र गुणी. दिली की घरात शांतता. तिला कायम केलं. लेकीला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. ती उगाच फाटे फोडते.

९ फेब्रुवारी
फेऱ्या बंद. दणदणीत यश. एक व्हिटॅमिन आणि ॲसिडिटीची एक, अशा दोघींनाही निरोप दिला. राहिल्या आठ. मला स्वतःला एकदम तरुण वाटतंय. सकाळी कामावर निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून हिच्या गोळ्यांचा डबा भरतो.

१३ फेब्रुवारी
हिचं वजन वाढलं. चेहरा भरलाय. म्हणजे इतकी वर्षं हिला गोळ्यांनीच खंगवलं होतं. चपला घट्ट होतात म्हणाली. एक नंबर मोठ्या आणल्या.

१६ फेब्रुवारी
जिन्यात मधेच थांबली. म्हणाली, जरा दम खाते. वजन वाढल्यावर दम लागणारच. उद्यापासून रोज फिरायला नेणे.

१७ फेब्रुवारी
नेलं. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत. परत टॅक्सीने. सबंध वेळ माझा हात घट्ट धरून होती. बरं वाटलं. उद्या सुट्टी.

२० फेब्रुवारी, सकाळ
ही आता आडवी होत नाही. तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते. बसून झोपणं मणक्याला चांगलं, असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय. खोकला आहे, पण हवाच तशी आहे.
तिच्या पायाला बोट लावून पाहिलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. बराच वेळ बघत बसलो. मग चहा टाकला.
लघवीच्या गोळीला परत घ्यावं का, असं एकदा मनात आलं. पण काढलेल्याला परत घेतलं की ऑफिसरची किंमत राहत नाही. आठच दिवस उरलेत. डॉक्टरीणबाईंना पूर्ण रिपोर्ट द्यायचाय.

२१ फेब्रुवारी
लेक न कळवता आली. आईला बघून दारातच थिजली. मी म्हणालो, आईचं वजन बघ कसं सुधारलंय. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ ॲम्ब्युलन्स बोलावली. मी म्हणालो, अपॉइंटमेंट अठ्ठावीसला आहे. हे मी दोनदा म्हणालो.

२४ फेब्रुवारी, हॉस्पिटल
फुप्फुसात पाणी झालं होतं. हृदयाला पंप करणं झेपत नाही, त्यामुळे साठणारं पाणी ती लघवीची गोळीच बाहेर काढत होती. आज धोका टळला म्हणतात.
डॉक्टरीणबाईंनी पाकिटं तपासली. चक्कर बहुतेक झोपेच्या गोळीची. ती हळूहळू बंद करणार, आणखी दोन नंतर बघू म्हणाल्या. माझ्या कपातीतली फक्त व्हिटॅमिनची त्यांना मान्य.
त्यांनी हिला विचारलं, गोळी कमी झालेली दिसली नाही का. हिने तोंडावरचा मास्क बाजूला केला. म्हणाली, पहिल्या दिवशीच दिसली. पण रिटायर झाल्यापासून यांना पहिल्यांदाच काही काम मिळालं होतं, हिरमोड करवला नाही.
मला रडू आलं. नर्सने खुर्ची दिली.
डबा आता लेक भरणार. माझ्याकडे काय, असं तिला विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते तिच्याजवळ बसा.
बसलोय.