सुजेवरच्या दोन गोळ्या

ता. ४ मार्च

चि. चिवूस अनेक आशीर्वाद.

आज सोमवार. पाण्याचे एकवीस मीटर तपासले. दोन बंद होते. एका घरी कुत्रं सोडलेलं होतं, तिथलं वाचन राहिलं. घरी येऊन तुझ्या वहिनीच्या कपाटातला वरचा खण रिकामा केला. तिला जाऊन आज बावन्न दिवस झाले. तिचा राखाडी स्वेटर तुला होईल असं वाटतं, पार्सलने पाठवतो.

फोनवर मला बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. चार वाक्यं झाली की मी 'बरं' म्हणून ठेवून देतो. म्हणून लिहितो. रविवारी तू सांगितलंस की सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नाहीत, आणि लगेच विषय बदललास. हे तुझ्या पोटाच्या डॉक्टरांच्या कानावर घातलंस का? आतड्याच्या आजारात सांधेही धरतात, असं तूच मला एकदा सांगितलं होतंस.

माझी काळजी करू नये. जेवण वेळेवर होतं. चार ओळी टाकशील तर बरं वाटेल.

तुझा
दादा


ता. ९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

स्वेटर मिळाला. बाह्या लांब आहेत, पण मी दुमडणार नाही. आहे तसाच घालते.

तुझं पत्र म्हणजे सरकारी नोटीस, बाबा! खाली शिक्का तेवढा नव्हता. ऐक, बोटांचं काम झालं. आमच्या बांधणीच्या कारखान्यात सहाशे जाड वह्यांचं काम आलंय, आणि शिवणीला आम्ही दोघीच. मंगळवारी सुई धरवेना. खळ लावणाऱ्या काकूंनी खणातला डबा पुढे केला. त्यात सगळ्यांच्या दुखण्याच्या गोळ्या असतात, ज्याला लागेल त्याने घ्यावी. एक घेतली आणि तासाभरात बोटं लोण्यासारखी. तेव्हापासून रोज घेते. मालकीणबाई म्हणाल्या की अशी शिवण वर्षभरात पाहिली नाही. मी म्हटलं, मग डब्याचा सत्कार करा.

आणि मी काही अगदीच बिनडोक नाही. डब्यातल्या गोळीचा कागद वाचला. ती सूज उतरवते. माझी पोटाची गोळीही सूज उतरवते, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. सुजेवरच्या दोन-दोन गोळ्या एका अंगाला कशाला? म्हणून पोटाची बंद ठेवली आहे. एका दाराला दोन कुलपं लावली तर घरचाच माणूस बाहेर राहतो. डॉक्टरांना कळवलं नाही. त्यांच्या बाहेरच्या बाकावर अर्धा दिवस जातो आणि वह्या वाट पाहत नाहीत.

पोट जरा कुरकुरतं, पण त्याचा स्वभावच तो. लोभ आहेच, तो सल्ल्यांवर खर्च करू नकोस.

तुझी
चिवू


ता. १३ मार्च

चि. चिवूस आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. उभ्यानेच वाचलं. तसाच कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांकडे गेलो आणि तुझ्या पोटाच्या गोळीचं नाव सांगून विचारलं. मग तुला फोन लावला आणि 'बरी आहेस ना' एवढंच विचारून ठेवला, म्हणून हे लिहितो. सूज उतरवणाऱ्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. तुझी गोळी आतड्याच्या अस्तराची सूज दाबून धरते. डब्यातली दुखण्याची गोळी बोटांची सूज उतरवते खरी, पण त्याच अस्तराला चरे पाडू शकते, आणि तुझ्यासारख्याचा आजार उसळवू शकते. तू चांगलं कुलूप काढलंस आणि चोराला आत घेतलंस.

आता जे लिहितो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझी वहिनी गुडघ्यांसाठी दोन वर्षं असल्याच गोळ्या घेत होती. आणायचो मी. संपल्या की तिने सांगायचं आणि मी येताना घेऊन यायचं, जसा साबण आणतो तसं. एकदा ती म्हणाली की शौचाला डांबरासारखी काळी होते. मी म्हटलं, लोहाच्या औषधाने होत असेल. त्यानंतर अकराव्या दिवशी तिला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं की दिवसाला किती घेत होत्या. चिवू, मी रोज लोकांच्या घरचे आकडे लिहून घेतो. तिचा आकडा मला सांगता आला नाही.

डब्यातली गोळी आजपासून घेऊ नकोस. पोटाच्या डॉक्टरांना आजच फोन कर आणि दोन्ही गोष्टी सांग, काय घेतलंस आणि काय बंद केलंस. रागावले तर रागावू देत. बंद केलेली गोळी कशी सुरू करायची तेही त्यांनाच विचार. रक्त दिसलं, काळं झालं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर फोनही करत बसू नकोस, सरळ दवाखान्यात जा.

मला भीती वाटते. यापेक्षा चांगलं लिहिता येत नाही.

दादा


ता. २८ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

काल दवाखान्यातून घरी सोडलं. मालकीणबाई जिन्यापर्यंत आल्या, वर चढताना मी दोनदा बसले.

तू माझ्या खाटेजवळ दोन दिवस बसलास आणि एकूण अकरा वाक्यं बोललास. त्यांतली चार नर्सबाईंशी, सलाईनचे थेंब मोजून दाखवायला. माझ्यानेही काही बोलवलं नाही, म्हणून आता लिहिते.

तुझं पत्र सोळा तारखेला आलं होतं. मी ते दोन दिवस उघडलंच नाही. सल्ला असणार हे पाकिटावरूनच कळत होतं. अठराला सकाळी रक्त पाहिलं आणि मग फोडलं. सगळं वाचलं आणि मला दवाखान्यात न्या म्हणून मालकीणबाईंना सांगायला निघाले. कारखान्याच्या पायऱ्यांवर पडले ते नंतर. पण डॉक्टरांनी किती गोळ्या घेतल्या असं विचारलं तेव्हा माझ्याकडे आकडा होता. तुझं वाचल्यावर बोटांवर मोजला होता. सतरा, काही दिवशी दोन-दोन घेतल्या होत्या. ते म्हणाले की बरं झालं सांगितलंत, अंधारात चाचपडायला नको.

तू गेल्यावर पोटाचे डॉक्टर आणि सांध्यांच्या डॉक्टरीणबाई एकत्र आले. आता एकच नवी गोळी आहे, आतडं आणि सांधे दोन्हींसाठी. ती हळूहळू वाढवायची, आणि सुरुवातीला दर पंधरवड्याला रक्त तपासायचं. पहिला तपास तीन एप्रिलला, निकाल सकाळी अकराला मिळेल. त्या गोळीने लघवी नारिंगी होते. मला आधी सांगितलं नव्हतं, मी किंचाळले, नर्सबाई हसत सुटल्या. सोबत स्टेरॉइड आहे, ते सांगतील तसंच कमी करायचं, आपल्या मनाने एकदम सोडायचं नाही. दुखलं तर कोणती साधी गोळी चालेल ते कागदावर लिहून दिलंय. काकूंनी डब्यावर माझं नाव लिहून त्यावर फुली मारली आहे.

आणखी एक. वहिनीने मला जळजळीचं आणि काळं होण्याचं सांगितलं होतं, जायच्या आठवडाभर आधी. दादाला बोलू नकोस, तो घाबरतो, असं म्हणाली. मी बोलले नाही. खाटेशेजारी तू होतास तेव्हा दोन्ही दिवस सांगणार होते.

रागावलास तरी चालेल, पण रागावलेलं पत्र पाठव. गप्प बसू नकोस.

तुझी
चिवू


ता. २ एप्रिल

चि. चिवूस आशीर्वाद.

आज मंगळवार. चौदा मीटर झाले. त्या कुत्र्याच्या घरचं वाचन अखेर मिळालं. चार वाजता घरी आलो तर दारात तुझं पत्र होतं.

वहिनीबद्दल लिहिलेलं तीनदा वाचलं. राग आला नाही असं नाही, पण तो धरून ठेवायला कोणी सापडेना. तुझ्यावर धरला तर तू अशक्त आहेस, तिच्यावर धरला तर ती नाही. मी घाबरतो हे तिने बरोबर ओळखलं होतं. म्हणून तुम्ही दोघींनी मला वाचवलंत आणि ती गेली. हे मी तुला बोल लावायला लिहीत नाही. तुला तसं वाटत असेल तर पुन्हा वाच. काळं झाल्याचं तिने मलाही सांगितलं होतं, आणि मी तुझ्याआधी गप्प बसलो.

एवढंच मागतो. मी घाबरतो म्हणून मला सांगायचं टाळू नकोस. मला घाबरू दे. ते मला जमतं.

उद्या तुझ्या रक्ताचा पहिला तपास. यकृत आणि पांढऱ्या पेशी पाहतात, हे औषधवाल्यांना विचारून घेतलं आहे. कमीजास्त निघालं तर गोळी बदलतील, असंही ते म्हणाले. मग पुढे काय, हे मी विचारलं नाही. सकाळी अकराला निकाल मिळेल असं तू लिहिलं आहेस. उद्या रजा टाकली आहे. आकडे जसे असतील तसे वाचून दाखव, मी इकडे लिहून घेईन. वाईट असले तर ते आधी वाच.

आजही तुला काही वाटलं तर थांबू नकोस. फोनचा आवाज पूर्ण वाढवून तो खिडकीत ठेवला आहे. आता भांडी घासायला घेतो. एक ताट आणि एक पेला आहे. नळ बारीक सोडतो, म्हणजे घंटी वाजली तर ऐकू येईल.

दादा