दाखला नसलेल्या गाडीचा भाव

३ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मला नोकरी लागली. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून. पण जनावरं काही आपल्या पायांनी दवाखान्यात येत नाहीत, मलाच गोठ्यागोठ्याने फिरावं लागणार. त्यासाठी गाडी हवी. तुमची निळी गाडी अंगणात नुसती बसून आहे असं कळलं. तिला सुरक्षिततेचा दाखला नाही हेही कळलं, आणि दाखला नसलेली गाडी निम्म्या भावात जाते एवढा व्यवहार मला समजतो. तीस हजार देते. हे फोनवरच बोलले असते, पण सौदा करायचा तो कागदावर, हा आजोबांचा नियम मोडायची माझी छाती नाही.

मामींना नमस्कार. कृपा आहे ती राहू द्यावी, गाडीही द्यावी.

तुमची,
भिंगरी


८ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नोकरीचं वाचून आनंद झाला, गाडीचं वाचून घाम फुटला. तुझी आई जाताना माझ्याकडून वचन घेऊन गेली की भिंगरीने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. थोरल्या बहिणीचा शब्द, म्हणून मी नाही म्हणत नाही. मी फक्त साठ हजार म्हणतो.

तू म्हणशील मामाला लोभ सुटला. अगं, दाखला असलेल्या गाड्या गल्लोगल्ली मिळतात. दाखला नसून रस्त्यावर येणारी एक तरी हुडकून दाखव. मी जन्मभर पुस्तकं बांधली आहेत. पुस्तकाची जितकी पानं सुटलेली, तितका शौकीन माणूस जास्त मोजतो.

व्यवहार चोख असावा म्हणून दोष सांगून ठेवतो. डावीकडे वळलं की हॉर्न वाजतो. चालकाच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. ब्रेक दोनदा दाबावा लागतो, कारण पहिल्यांदा गाडी नुसता विचार करते. उतारावर मागच्या चाकाला वीट लावावी. अशी गाडी मी तुला द्यावी का, याचा तूच शांतपणे विचार कर. मामी म्हणतात, पोरीला बसने जायला सांगा.

लोभ आहे, तो गाडीच्या भावासारखा चढता राहो.

तुझा मामा


१४ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दवाखान्यात मोठ्याने वाचलं. कंपाउंडर हसताना बाकावरून खाली आले.

आता मुद्द्याचं. वळताना हॉर्न वाजतो हा दोष नाही, शिस्त आहे. दार उघडत नसेल तर मी खिडकीतून उतरेन, दिवसभर कुंपणंच ओलांडते आहे. राहता राहिला ब्रेक. मी जिथे जाते तिथे वाटेत म्हशी आडव्या बसलेल्या असतात, त्या थांबवतीलच. आणि ती वीट कोणाची? वेगळी मोजणार असाल तर आधीच सांगा, मागाहून कटकट नको. पस्तीस हजार, विटेसकट. आई असती तर तिने कान धरून तुम्हाला वीसवर आणलं असतं.

घासाघीस वाढली तरी माया कमी होऊ नये.

तुमची,
भिंगरी


२१ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दाखला मिळाला तर गाडी तुला फुकट द्यायची, असं ठरवून मी ती तपासणी केंद्रात नेली. तपासनीस भला माणूस. आत बसला, दार ओढून घेतलं आणि अडकला. शेवटी खिडकीतून निघाला, आधी त्याची फाइल, मग तो. ब्रेकची परीक्षा कँटीनच्या पायरीपाशी संपली. पायरी होती म्हणून बरं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला की काका, दाखला तर सोडाच, ही गाडी इथे आली होती हेसुद्धा मी कुठे बोलणार नाही. मग टोचन लावून घरी आणली.

एवढं सगळं झाल्यामुळे भाव वाढला, कारण गाडीला आता इतिहास आहे. नव्वद हजार. वीट फुकट.

मामाबद्दल काय बोलायचं ते मनात बोल, आणि प्रेम असू दे.

तुझा मामा


२७ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नव्वद हजार मंजूर. वीट दिलीत, मन मोठं केलंत. रविवारी पैसे घेऊन येते आणि गाडी घेऊन जाते. परतताना घाटाने उतरेन, तो रस्ता जवळचा पडतो.

आशीर्वाद तयार ठेवावेत.

तुमची,
भिंगरी


३० जून

चि. भिंगरी,

येऊ नकोस. दोन लाख लिहिणार होतो, पण तू तेही कबूल करशील, आईवर गेली आहेस. तेव्हा सरळच लिहितो. त्या गाडीला ब्रेक नाहीत. दोनदा दाबून लागतात हे मी तिची अब्रू राखायला लिहिलं. पाचदा दाबूनही लागत नाहीत. तू घाटात आणि ती गाडी तुझ्याखाली, हे डोळ्यांपुढे आलं की मला जेवण जात नाही. ताईला पोचवून आलो तेवढं पुरे झालं, आता दुसऱ्या कोणासाठी माझ्यात बळ नाही. वचन मोडतो आहे. गाडी देत नाही. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, पण धडधाकट राहा.

मामा


४ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, गाडी मी केव्हाच घेतली. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात, आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंची. तिला दाखला आहे आणि ब्रेक एकदाच दाबायचा असतो. तुमच्या गाडीचा नाद मी तुमचे दोष वाचले तेव्हाच सोडला होता.

मग घासाघीस कशाला चालू ठेवली, असं विचाराल. आई गेल्यापासून तुम्ही बोलणंच टाकलं होतंत. फोन केला तर बरं आहे म्हणून ठेवायचात. आणि गाडीचा विषय काढल्याबरोबर चांगलं भरगच्च पत्र आलं, चेष्टा करणारं, अगदी पूर्वीसारखं. मला वाटलं, सौदा मिटला की हेही मिटेल. नव्वद कबूल केले कारण तुम्ही सव्वा लाखावर जाल अशी खात्री होती. घाटाचं मात्र उगाच लिहिलं. तुमची झोप उडवायची नव्हती. चुकलं.

रविवारी येतेच आहे, माझ्या गाडीने. रागावला असाल तर समोर बसवून रागवा.

तुमची,
भिंगरी


८ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर मला बनवलंस. तुझं पत्र मामींना वाचून दाखवलं, त्या हसल्या आणि मग आत जाऊन बराच वेळ आल्या नाहीत. मीही रडलो, ते कोणाला सांगू नकोस. रविवारी ये, जेवायला थांब.

गाडी देत नाही असं लिहिलं होतं ते मागे घेतो. ताईला दिलेला शब्द आहे. मात्र भाव आता सव्वादोन लाख, आणि त्यातला एक पैसा कमी होणार नाही. रविवारी याबद्दल अक्षर काढायचं नाही. घरी पोचलीस की तुझा आकडा पत्राने कळव.

तुझा मामा