गार्बट घराणं, मुक्काम स्केलबी

४ सप्टेंबर १९७१

हर्बर्टला जाऊन सहा महिने झाले. पाथरवट म्हणतो, कबरीची माती बसली, आता दगड उभा करू. त्यावर काय कोरायचं ते नणंदबाईंनी, म्हणजे मेबलने, ठरवूनच टाकलंय — ‘१६८७पासून याच गावचे’!

पाद्री पिल्बीम म्हणाले, “असेलही. पण दगडावर कोरायचं तर नोंदी दाखवा.”

५ सप्टेंबर

मेबल वंशवृक्ष घेऊन आली. वॉलपेपरच्या पाठीवर काढलेला. जेवणाच्या टेबलावर मावेना, कपबशा खिडकीत ठेवल्या. “हा बघ थॉमस! १७४१ला इथंच बाप्तिस्मा. आपण सगळे त्याचेच.”

सगळ्यांत मी नाही. मी रॅगथॉर्पची, सात मैलांवरची. लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी हर्बर्ट पाहुण्यांना सांगायचा, “एडना बाहेरची, पण हाताला चव आहे.” तो गेला तेव्हा मी एकदाच म्हटलं, रॅगथॉर्पला माझ्या आईवडिलांजवळ ठेवू या का? मेबल कडाडली — “तीनशे वर्षांचे गार्बट इथं झोपलेत, आणि हा तुझ्या माहेरी?” मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

९ सप्टेंबर

चर्चच्या मागच्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली. नियम असा की नोंदींच्या वह्या बघताना पाद्रीबुवांनी समोर बसायचं. ते बसले, आणि लगेच झोपले.

१७४१. थॉमस, जॉन गार्बटचा मुलगा. सापडला! मेबल बरोबर. मनातून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

उगाच दफनांची वही उघडली. तोच थॉमस. वय अकरा दिवस.

मेबलने बाप्तिस्मे पाहिले, दफनं पाहिलीच नाहीत. तिचं नेहमीचंच आहे. लग्नाला पुढे, मयताला मागे.

१० सप्टेंबर

मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला द्यायची रीत होती म्हणे. म्हणून पुढची पानं पाहिली. जॉनला पुढे तीन मुली. संपलं.

मग आमचा थॉमस आला कुठून? पिल्बीमनी पेटीच्या तळातून जुन्या कागदांचं पुडकं काढून दिलं. त्या काळी गरीब माणूस गाव बदलताना आपल्या गावचा कागद आणायचा — हा पोटाला महाग झाला तर आम्ही परत घेऊ. १७६६चा एक कागद निघाला. थॉमस गार्बट, बायको, एक मूल. गाव रॅगथॉर्प!

तीनदा वाचलं. मग इतक्या मोठ्याने हसले की पाद्रीबुवा जागे झाले.

छत्तीस वर्षं! आणि बाहेरची मी!

१२ सप्टेंबर

मेबलला सांगितलं. आधी म्हणाली, “कागद खोटा असेल.” मग, “कुणाला दाखवलास?” मग डोळे पुसत, “हर्बर्टला हे कळलं असतं ना, तर तो जागीच मेला असता गं.”



थॉमसच्या बाप्तिस्म्याची नक्कल मागायला रॅगथॉर्पच्या चर्चला पत्र टाकलं. पक्कं करूनच घेते. ज्याच्याशी भांडायचं तोच नाही, पण एकदा तरी मला जिंकायचंय.

१७ सप्टेंबर

उत्तर नाही. प्लमचा जॅम केला. करपला.

२१ सप्टेंबर

रॅगथॉर्पहून पत्र आलं. तिथले म्हातारे कारभारी लिहितात —

“नक्कल सोबत आहे. हीच नक्कल तुमच्या यजमानांनी १९५८ साली नेली होती. त्याच दिवशी त्यांनी तुमच्या आईवडिलांशेजारी दोन जागा राखून ठेवल्या. म्हणाले, बायकोला एवढ्यात सांगू नका, जन्मभर टोमणे ऐकावे लागतील. ते बरे आहेत ना?”

मी त्याला इथं पुरून बसले.